मागून लावलेला चिखल

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता हे आता कुणालाच आठवत नाही, यावरून काय ते समजा.

दर्याकाठी एक गाव होतं. गावाची शेतं इतकी सखल, की भरतीचं पाणी सरळ आत शिरावं आणि भाताच्या मुळाशी मीठ ठेवून परत जावं. म्हणून गावाच्या जुन्या माणसांनी दर्या आणि शेतं यांच्या मधोमध मातीचा एक लांबलचक बांध घातला होता. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला हिरवंगार भात. सगळ्या गावाचं पोट त्या बांधावर होतं.

बांधाला वैरी दोन. एक दर्या. तो निदान गाजावाजा करत येतो. दुसरा खेकडा, तो तोंडातून अवाक्षर काढत नाही. दर्याच्या अंगाने तो माती पोखरत आत शिरतो आणि एक दिवस शेताच्या अंगाने हळूच बाहेर डोकावतो. मग त्या बिळातून पाणी झिरपायला लागतं. आधी बोटाएवढं, मग मनगटाएवढं, आणि मग मोजायला कुणी जागेवर राहत नाही.

म्हणून गावाने बांध वाटून घेतला होता. प्रत्येक घराला एक वाटा. ओहोटी लागली की घरातल्या कर्त्या माणसाने दर्याच्या अंगाने कमरेएवढ्या गाळात उतरायचं, हाताने चाचपून बिळं शोधायची, आणि काळ्या चिकट चिखलात पेंढा कालवून ती खोलवर बुजवायची. त्यात एक नियम होता. दुसऱ्याच्या वाट्याला कुणी हात लावायचा नाही. ऐकायला हा नियम कडक वाटतो, पण बांध कुठे पोकळ झालाय हे रोज हात घालणाऱ्यालाच कळतं, पाहुण्याला कळत नाही.

या गावात एक बाई राहायची. तिचा नवरा बांधावरचा नावाजलेला माणूस होता. त्याने बुजवलेलं बीळ खेकड्याच्या सात पिढ्यांना उघडत नाही असं लोक म्हणायचे. एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मागे राहिली ही बाई आणि तिचा मुलगा.

मुलगा म्हणजे काही शेंबडं पोर नव्हे. चांगला मिशीवाला, दारातून वाकून आत येणारा गडी. पण बापावर त्याचा भारी जीव. बाप गेल्यावर तो बांधावर जायचा, चिखलात हात घालायचा, आणि तसाच बसून राहायचा. कुणीतरी त्याला माडीचं मडकं पुढे केलं. "घे, जरा झोप लागेल." झोप लागली. मग ती रोज लागायला लागली. हळूहळू दिवसाही लागायला लागली.

मुलगा वाईट नव्हता हो! नुसता वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो गोड बोलायचा, कुणाची म्हातारी आजारी पडली की पाठीवर घालून वैद्याकडे न्यायचा. आणि रोज सकाळी आईला सांगायचा, "आई, उद्यापासून बांधावर जातो." सांगताना त्याला ते अगदी खरं वाटायचं. बिचाऱ्याचा उद्या तेवढा उजाडत नव्हता.

पहिले काही महिने आईनेच पाटी उचलली. ओहोटी बघून ती चिखलात उतरायची, नवऱ्याबरोबर जे जे शिकली होती ते सगळं करायची. एक दिवस ती घरी आली तेव्हा मुलगा पडवीत पडला होता. त्याने तिचे कोपरापर्यंत काळे झालेले हात पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा जास्त प्याला.

आईच्या मनात आलं, मी बांध राखतेय, पण हा तर आतून ढासळत चाललाय. दुसऱ्या दिवशी तिने पाटी त्याच्या उशाशी आणून ठेवली.

"बाळा, हा वाटा तुझा. मी शेत बघीन, स्वयंपाक करीन, तू हाक मारलीस तर बांधापर्यंत सोबत येईन. पण तुझं काम मी यापुढे करणार नाही."

"उद्यापासून जातोच, आई," मुलगा म्हणाला.

तो गेला नाही. आईनेही पाटीला हात लावला नाही. बोलायला सोपं आहे, पण पोटच्या पोराच्या वाट्याला पाणी झिरपताना बघायचं आणि पदराला हात पुसत घरी यायचं, हे किती जड जातं ते तिचं तिलाच माहीत.

पण नवल असं, की काही दिवसांनी ते झिरपणं आपोआप थांबलं. शेताच्या अंगाने पाहावं तर बांध कसा गुळगुळीत, ओल्या चिखलाने लिंपलेला. आई मनात हरखली. तिला वाटलं, लाजेकाजेने का होईना, पोरगा गुपचूप जायला लागला.

आता तुम्हाला खरं काय ते सांगतो.

त्या मुलाची एक आत्या होती, गावातच दिलेली. भावाच्या वाट्याला पाणी झिरपताना पाहून तिचा जीव कासावीस झाला. भावाच्या नावाला बट्टा लागेल, या भीतीने ती गवत कापायचं निमित्त करून निघायची आणि बांधाशी बसायची. दर्याच्या अंगाने उतरलं तर कमरेपर्यंत काळं व्हायचं, घरी पोचेपर्यंत गावभर बोभाटा. म्हणून ती शेताच्या अंगाने, भाताच्या आडोशाला बसायची. जिथे पाणी दिसेल तिथे चार बोटं चिखल थापायची आणि विळा हलवत घरी जायची. जाताना भाच्यासाठी तांदळाची बोरं पडवीत ठेवायची आणि कानात सांगायची, "आई बोलते ते मनावर घेऊ नकोस हो. तिचं डोकं फिरलंय."

शेजारच्या वाट्याचा दाढीवाला धनी म्हणजे मुलाच्या बापाचा दोस्त. मुलगा त्याला काका म्हणायचा. मेलेल्या मित्राचं पोर आहे, लोकांनी नावं ठेवायला नकोत, म्हणून आपला वाटा बुजवून झाला की तोही भाताच्या आडोशाला बसायचा आणि चार बोटं चिखल थापायचा.

तिसरे खुद्द गावचे पाटील. बांध गळताना दिसला तर पंचायत बसवावी लागेल, विधवा बाईच्या दारात वाईटपणा घ्यावा लागेल. नको ती कटकट. मोठं मुंडासं सांभाळत, धोतर खोचून पाटीलसुद्धा भातात उकिडवे बसायचे. बघणाऱ्याला वाटावं, पाटलांचं पोट बिघडलंय.

तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तिघांनाही वाटायचं, मी केलं म्हणून काय बिघडलं? एवढीशी तर मदत. आणि तिघेही मायेनेच करत होते, हे विसरू नका.

आई मात्र एक दिवस ओहोटीला सहज दर्याच्या अंगाने फिरायला गेली. तिथे पाहते तो काय, मुलाच्या वाट्याची माती चाळणीसारखी झालेली. एका बिळाच्या तोंडाशी एक जुना थोराड खेकडा निवांत बसला होता. तिला बघून पळालासुद्धा नाही.

"काय रे," आईने विचारलं, "माझ्या पोराचा वाटा तुला एवढा का आवडला?"

खेकडा म्हणाला, "बाई, असं सुखाचं घर साऱ्या बांधात नाही. बाकीचे लोक आमच्या पुढच्या दारावर चिखल मारतात, आम्ही कोंडून मरतो. इथले लोक मोठे मायाळू. ते मागच्या दारावर मारतात. आत वारा लागत नाही, पाणी बाहेर जात नाही, ऐसपैस खोल्या वाढवत जायच्या. माझ्या पोरीबाळी, जावई, सगळे इथेच आलेत राहायला."

"कोण लोक?"

"एक विळेवाली येते. एक दाढीवाला येतो. आणि एक येतो त्याच्या डोक्यावर मोठं फडकं असतं."

"आणि माझा मुलगा?"

खेकड्याने डोळे आत घेतले आणि बाहेर काढले. "तो एकदोनदा आला होता. पाटी घेऊन. वरूनच बघून परत गेला."

इतके दिवस मनातल्या मनात आई ज्या मुलाचं कौतुक करत होती, तो मुलगा नव्हताच. तिला वाटलं होतं पोरगा सावरतोय. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला त्याच्यावाचून सगळे येऊन जात होते.

संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं तेव्हा ती उभी राहिली. गावासमोर बोलायची तिला सवय नव्हती.

"माझ्या मुलाच्या वाट्याला कुणी चिखल लावू नका. तुमच्या पाया पडते. बांध आतून पोकळ झालाय. त्याहून वाईट म्हणजे माझा मुलगा पोकळ झालाय. पाणी दिसू द्या, त्याला बघू द्या, लाजू द्या. मग तो एक तर उठेल, नाहीतर आपण सगळे मिळून त्याला समोरासमोर विचारू. पण मागून बुजवू नका."

आत्याने पदर तोंडाला लावला. "वहिनी, आई आहेस का वैरीण? पोर दुःखाने खचलंय, आणि तू त्याला गावात उघडं पाडतेस?"

"वन्सं, तो आधीच उघडा पडलाय. फक्त आपण त्याच्यावर पांघरूण घालून ठेवलंय."

काका म्हणाला, "वहिनी, जरा दमाने घ्या. त्याचं लग्न करून टाका. जबाबदारी आली की माणूस आपोआप सुधारतो."

"कुणाच्या पोरीच्या जिवावर सुधारायचं, भावजी?" आई म्हणाली.

पाटलांनी घसा खाकरला. "बाईंचं म्हणणं योग्य आहे. आजपासून त्यांच्या मुलाच्या वाट्याला कुणी हात लावायचा नाही." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

माना डोलावल्या खऱ्या. पण दुसऱ्या दिवशी आत्या मनाशी म्हणाली, आता बाकीचे येणार नाहीत, मी एकटीने लावलं तर कुठे बिघडतं? काकाही हेच मनाशी म्हणाला. पाटीलही हेच म्हणाले. तिघांनीही आधीपेक्षा जरा जास्तच चिखल थापला.

मग भादवा सरला. भाताची लोंबी भरून वाकायला लागली, आणि अमावस्या आली. त्या दिवसांत दर्याला वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण येतं. भर दुपारी भरती बांधाच्या गळ्याशी पोचली. गाव बांधावर उभं होतं, जसं दरवर्षी असायचं. शेताच्या अंगाने त्या मुलाचा वाटा सगळ्यांत गुळगुळीत दिसत होता.

आणि तोच फुटला.

आधी खळकन आवाज झाला, कुणी मोठं मडकं फोडावं तसा. चार बोटं चिखलाची पापुद्र्यासारखी पडली. मग आतली पोकळ माती बसली, आणि मग दर्या आत आला. बांधाला पडलेल्या अशा भगदाडाला त्या गावात खांड म्हणत. बघता बघता खांड बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली. भरती अंगावर असताना कुणाचं काही चालत नाही. लोक बांधावर उभे राहून आपल्या भरल्या शेतात खारं पाणी पसरताना बघत राहिले. बायका रडत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

माडीच्या झोपडीतून मुलगा धावत आला. त्याला बघताच लोकांचा राग उफाळला. "हा बघा! याच्याच वाट्याला खांड गेली!"

काकाच्या तोंडून निसटलं, "असं कसं झालं? परवाच तर मी बुजवलं होतं!"

आत्या चमकली. "तुम्ही? अहो, काल मी बुजवलं होतं!"

पाटलांनी मुंडासं काढून हातात घेतला. "सकाळी मीही लावला होता चिखल," ते हळूच म्हणाले.

फक्त पाण्याचा आवाज येत होता. मुलगा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"म्हणजे तुम्ही होता होय?" तो म्हणाला. "काका, एका सकाळी मी थेंबही न घेता उठलो होतो. हात थरथरत होते तरी पाटी घेतली. इथवर आलो. बघतो तर चिखल ओला. कुणीतरी आधीच लावून गेलेलं. पुन्हा एकदा आलो, तेव्हाही तेच. मी पाटी उपडी ठेवून तिच्यावर बसलो. मला वाटलं, बाबांची जागा भरून गेली. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मग शुद्धीत राहून करायचं काय?"

आत्या हुंदके द्यायला लागली. "मी मायेने केलं रे, बाळा."

"ठाऊक आहे, आत्या. म्हणून तर तुझ्यावर रागावताही येत नाही."

उन्हं कलली तशी ओहोटी लागली, आणि पाणी खांडीतून परत जायला लागलं. आता घाई होती. संध्याकाळच्या आत खांड बांधली नाही, तर पुढची भरती उरलेली वरची शेतंही नेणार. अशा वेळची गावाची एक रीत होती. चिखल सगळ्यांनी वाहायचा, पण ज्याच्या वाट्याला खांड गेली त्याने मधोमध उभं राहून प्रत्येक पाटी कुठे पडायची ते सांगायचं. त्याच्या शब्दावाचून एकही पाटी रिकामी करायची नाही.

मुलगा खांडीत उतरला. गुडघाभर पाणी त्याचे पाय ओढत होतं. समोर अख्खं गाव डोक्यावर पाट्या घेऊन रांगेत उभं राहिलं. आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याला माहीतच नव्हतं! बांधावरच्या सगळ्यात नावाजलेल्या माणसाचा मुलगा तो, पण पहिली पाटी कुठे टाकायची हे त्याला ठाऊक नव्हतं.

रांगेच्या पुढे काका होता. तो ओठ न हलवता पुटपुटला, "दर्याकडे म्हण. आधी मेढी, मग झावळ्या, असं म्हण."

"भावजी," आई मागून म्हणाली, "त्याला सांगून देऊ नका."

"अहो वहिनी, वेळ नाही!"

"मला कळतंय."

तिलाही सगळं ठाऊक होतं. कुठे लाकडाच्या मेढी ठोकायच्या, झावळ्या कशा आडव्या लावायच्या, चिखल कधी टाकायचा. नवऱ्याशेजारी उभं राहून तिने हे किती वेळा पाहिलं होतं. ते शब्द तिच्या जिभेवर येऊन थांबले होते. ऊन उतरत होतं. तिच्या डोक्यावरची पाटी जड होत होती आणि चिखलाचं पाणी तोंडावर ओघळत होतं. उरलेली शेतं गेली तर साऱ्या गावाची उपासमार होणार, हे तिला दिसत होतं. पण आज पुन्हा कुणी मागून हात दिला, तर हा मुलगा पुन्हा कधीच उभा राहणार नाही, हेही तिला तितकंच दिसत होतं. तिने दात घट्ट मिटले. आयुष्यात तिने एवढं अवघड काम दुसरं केलं नव्हतं.

मुलाने एकदा आईकडे पाहिलं. मग साऱ्या गावाकडे पाहिलं. आणि तो मोठ्याने म्हणाला,

"मला येत नाही."

कुणी हललं नाही.

"बाबा शिकवत होते तेव्हा मी लक्ष दिलं नाही. नंतर मी प्यायला लागलो आणि कुणी शिकवायला आलं नाही. मला हे येत नाही. काका, असं कानात सांगू नका. खाली या. इथे, माझ्याजवळ. मला शिकवा, मी सगळ्यांना सांगतो."

काकाने पाटी खाली ठेवली आणि दर्याच्या अंगाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कमरेएवढ्या काळ्या गाळात उतरला. त्याने मुलाचा हात धरून तो पाण्याखाली मातीवर ठेवला. "हे बघ, इथे माती घट्ट लागते. इथे मेढी. इथे भुसभुशीत आहे, इथला सगळा गाळ आधी काढ." मुलाने चाचपून पाहिलं. मग मान वर केली आणि घसा ताणून ओरडला, "मेढी आणा! दर्याच्या अंगाने!"

चुका झाल्या. एकदा झावळ्या उलट्या लागल्या, त्या उपसून पुन्हा लावाव्या लागल्या. एकदा मुलाला भोवळ आली. आत्या पेज घेऊन धावली, "तू बस रे, मी उभी राहते तुझ्या जागी." मुलगा म्हणाला, "आत्या, पेज दे. जागा नको." तो पेज प्याला, तोंड पुसलं आणि पुन्हा उभा राहिला. दिवस मावळायला आणि खांड बुजायला एकच गाठ पडली.

वरची शेतं वाचली. खालची गेली. मातीत मुरलेलं मीठ पावसाने धुऊन निघायला काही वर्षं लागली. तोवर गावाने डोंगरावर नाचणी पिकवली आणि पोटाला चिमटा काढून दिवस काढले. पण त्या एकट्या मुलाला कुणी दोष दिला नाही. ज्याचा त्याला आपापला चिखल ठाऊक होता.

आता तुम्ही म्हणाल, त्या दिवसापासून मुलाने माडीला हात लावला नाही. नाही बाबांनो, एवढं सोपं नसतं ते. तो कधी सलग कित्येक दिवस बांधावर यायचा, सगळ्यांच्या आधी. मग एखाद्या दिवशी पाय झोपडीकडे वळायचे. पण गाव बदललं. त्याच्या वाट्याला पाणी दिसलं की कुणी चिखल लावायचं नाही. त्याच्या दारात जायचं आणि त्याच्या तोंडावर सांगायचं. काका सांगायचा आणि विचारायचा, "येऊ का बरोबर?" पाटलांनाही वाईटपणा घ्यायला शिकावं लागलं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. सगळ्यात हाल झाले आत्याचे. त्या वाट्यावरून जाताना ती दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायची आणि तोंडाने देवाचं नाव घेत तरातरा चालायची.

माघातली एक सकाळ. आदल्या दिवशी मुलगा बांधावर गेला नव्हता. आई शेतावर निघाली होती. जाता जाता तिला त्याच्या वाट्याला पाणी दिसलं, बोटभर. शेताच्या अंगाने. आसपास कुणीच नव्हतं. ती वाकली. चिखल हाताशीच होता. हात त्यात गेलासुद्धा.

मग तिने हात पाण्यात खळखळून धुतला आणि घरी परत आली.

मुलगा पडवीत आडवा होता. डोळे लाल.

"तुझ्या वाट्याला पाणी येतंय," ती म्हणाली.

"किती?"

"बोटभर."

तो तसाच पडून राहिला. आई चुलीपाशी बसली आणि भाकरी थापायला लागली. एक भाकरी झाली, दुसरी झाली. तिसरी तव्यावर टाकताना तिला पाटी उचलल्याचा आवाज आला. दाराशी सावली हलली. पावलं बांधाच्या दिशेने गेली, जरा अडखळत. खरंच गेला का, ते बघायला उठावं असं तिला फार वाटलं. ती उठली नाही.

तो परत आला तेव्हा कमरेपर्यंत काळा झाला होता.

"आई," पाय धुता धुता तो म्हणाला, "तू एक बीळ पाहिलंस ना? दोन होती. दुसरं तुला दिसलं नाही."

"खरंच नाही दिसलं रे," आई म्हणाली आणि गरम भाकरी त्याच्या ताटात वाढली.

ज्याच्यावर माया आहे त्याच्या शेजारी उभं राहावं. त्याच्या जागी उभं राहू नये.